खोल पाण्याच्या शोधात

भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी सुमारे ७,५१६ किलोमीटर आहे, असे भूगोलाच्या पुस्तकांतून कित्येक वर्षे शिकवले जात होते. अलीकडे अधिक सूक्ष्म नकाशांच्या आधारे हा किनारा पुन्हा मोजण्यात आला, तेव्हा त्याची लांबी ११,०९८ किलोमीटर भरली, आणि महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरांचा किनारा सुमारे ८७७ किलोमीटरांचा झाला. देश काही वाढला नव्हता आणि समुद्रही मागे सरला नव्हता. पूर्वी जी वळणे सरळ धरून सोडून दिली होती, ती या खेपेस काठाकाठाने जाऊन हिशेबात घेतली गेली, एवढेच.

वळणांना हा मान मिळाला, हे योग्यच झाले. बंदर जन्माला येते ते किनाऱ्याच्या वळणात. जेथे किनारा सरळ आहे तेथे लाटा थेट येऊन आदळतात आणि नांगर टाकून उभे राहिलेले जहाज क्षणभरही स्थिर राहत नाही. जेथे जमीन समुद्राला थोडीशी कुशीत घेते, तेथेच वाऱ्यापासून आडोसा मिळतो. कोकणाच्या किनाऱ्यावर अशा कुशी अनेक आहेत. सह्याद्री येथे समुद्राच्या इतका जवळ उभा आहे, की त्याच्या पश्चिम उतारावरून निघालेल्या नद्यांना फार दूर जावयास मिळत नाही. परंतु त्यांच्या मुखातून भरतीचे पाणी आत शिरते, कित्येक कोस आत जाते आणि तेथवर नदीची खाडी होते. वैतरणा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, अर्जुना अशा या नद्यांच्या खाड्यांवर एके काळी मोठमोठी बंदरे नांदत होती.

मुंबईच्या उत्तरेस असलेले नालासोपारा आज रेल्वेच्या गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. हेच प्राचीन शूर्पारक होय. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा येथे सापडला, आणि १८८२ साली येथील स्तूपाचे उत्खनन झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या एका दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल या तिन्ही बंदरांची नावे येतात. चौलच्या बंदरात पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला होता. रेवदंड्यास आज त्याचे स्मारक आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ बहामनी काळात भरभराटीस आले होते. राजापुरास इंग्रजांची वखार होती आणि ती शिवाजी महाराजांनी १६६१ साली लुटली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊकच आहे.

या बंदरांना एकट्या समुद्राने मोठे केले नव्हते. कल्याण आणि सोपारा येथे उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरला चढत असे, आणि देशावरचा माल त्याच वाटेने खाली येत असे. घाटमाथ्यावर आजही दगडाचा एक प्रचंड रांजण उभा आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात जमा होत असे, असे लोक सांगतात. जवळच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरलेला आहे. एका राजघराण्याने आपला लेख कोरण्यासाठी अशी डोंगरातली वाट निवडावी, यावरून त्या वाटेचे मोल कळते. बंदराचे तोंड समुद्राकडे असते, पण त्याचे पोट भरते ते पाठीमागच्या मुलखावर.

मग ही बंदरे गेली कोठे? राज्ये बदलली, लढाया झाल्या, व्यापाराच्या दिशा पालटल्या, ही कारणे खरीच आहेत. परंतु त्यांच्याबरोबर एक मुका शत्रू सतत काम करीत होता, तो म्हणजे गाळ. कोकणात चार महिन्यांत जो पाऊस कोसळतो, तो डोंगरउतारावरची माती धुऊन नदीत आणतो. जेथे रान दाट असते तेथे ही माती मुळांशी अडते. जेथे रान तुटते तेथे ती मोकाट सुटते. नदीचा वेग असेपर्यंत गाळ तिच्याबरोबर धावतो. खाडीत भरतीचे पाणी समोरून आले, की नदीचा वेग मंदावतो, आणि वाहून आणलेले ओझे ती तेथेच खाली ठेवते. एका वर्षात याने काही बिघडलेले दिसत नाही. शंभर वर्षांनी मात्र आजोबांनी जेथे गलबत बांधले तेथे नातवंडे ओहोटीच्या वेळी घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जातात. राजापूरच्या जुन्या दगडी धक्क्याची हीच गत झाली. एकोणिसाव्या शतकातच मोठी गलबते तेथवर पोहोचेनाशी झाली होती.

तरीही गलबताच्या काळात हा गाळ काहीसा सुसह्य होता. फत्तेमारी, मचवे, पडाव ही लाकडी वाहने उथळ पाण्यावर तरंगत. तांडेल भरतीची वेळ साधून गलबत खाडीत घालीत असे, आणि ओहोटी लागली की ते चिखलात खुशाल टेकून बसत असे. माल उतरवावा, नवा भरावा, पुन्हा पाणी चढले की शीड उभारून निघावे. या व्यवहारात भरती-ओहोटीचे वेळापत्रक हेच बंदराचे वेळापत्रक होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांचा हिशेब कोळ्याच्या पोराला पाढ्यांच्या आधी येत असे. लोखंडी आगबोट आली आणि हा सलोखा संपला. तिचे पोट पाण्यात खोल बुडते. ती चिखलात टेकली तर तिचा कणा मोडण्याची भीती. तिला पाणी हवे ते खोल, आणि तेही चोवीस तास.

मुंबईच्या भाग्योदयाचे रहस्य येथे आहे. तिच्या पूर्वेच्या अंगाला ऐसपैस, आडोशाचे आणि बऱ्यापैकी खोल असे पाणी निसर्गतःच लाभले होते. परंतु त्या पाण्याच्या पाठीशी घाट उभा होता, आणि घाट ओलांडल्याशिवाय वऱ्हाड-खानदेशचा कापूस धक्क्यावर येणार कसा? १८५३ साली देशातील पहिली आगगाडी ज्या ठिकाणाहून ठाण्यास निघाली त्याचे नाव बोरीबंदर असावे, हा केवळ योगायोग मानवत नाही. दहा वर्षांनी, १८६३ साली, रेल्वे बोरघाट चढली. १८६५ साली थळघाट. बोरघाटाच्या कामावर हजारो मजूर पटकी आणि अपघात यांना बळी पडले. नेमक्या त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याचे कारण उरले नाही. घाटातली रेल्वे आणि सुवेझचा कालवा ही एकाच रस्त्याची दोन टोके होती, आणि मध्ये मुंबई होती.

आता जहाजे वाढली. त्यांना भर समुद्रात उभे करून पडावांनी माल वाहणे परवडेना. म्हणून गोद्या बांधण्याचे ठरले. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे ४ मीटरांचा फरक पडतो. दगडी भिंतींचा प्रशस्त हौद बांधावयाचा, त्याला भक्कम दरवाजे बसवावयाचे, भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावयाचे आणि पाणी उतरण्यापूर्वी दरवाजे लावून घ्यावयाचे. बाहेर ओहोटी लागली तरी आतले जहाज तरंगतच राहते. भरतीचे पाणी कुलूपबंद करून ठेवण्याची ही युक्ती मोठी मनोहर आहे. १८७५ साली ससून गोदी झाली, १८८० साली प्रिन्सेस गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी. या शेवटच्या गोदीचे नाव पुढे इंदिरा गोदी झाले. प्रिन्सेस गोदीचा खड्डा खणताना कामगारांना चिखलाखाली शेकडो वृक्षांची खोडे सापडली. त्यांतील पुष्कळशी उभीच्या उभी होती. फार पूर्वी तेथे जमीन होती, जमिनीवर अरण्य होते, आणि ते समुद्राने गिळले होते. ससून गोदीचे नशीब निराळेच निघाले. कापसासाठी बांधलेली ती गोदी आज पहाटेच्या मासळीच्या लिलावाने गजबजते.

मुंबई वाढली तशी कोकणातली लहान बंदरे तिच्या छायेत गेली. ती मेली मात्र नाहीत. मुंबईहून निघालेली बोट किनाऱ्याने दक्षिणेस जाई, आणि एकेका बंदराबाहेर खोल पाण्यात उभी राही. मग किनाऱ्यावरून पडाव सुटत. ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या, कडेवरची मुले असे सारे हेलकावणाऱ्या पडावातून बोटीवर चढत असे. बोट धक्क्याला लागत नसे, कारण धक्क्याशी पाणी नव्हते. गिरणीत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरी आणि त्याच्या घरचे कुळीथ-पोहे यांची ये-जा कितीतरी वर्षे याच वाटेने चालली. पावसाळ्यात बहुतेक वाहतूक बंद पडे. पावसाळ्यातला समुद्र किती निष्ठुर असतो, हे १७ जुलै १९४७ रोजी दिसले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट त्या दिवशी वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या कित्येक घरांत ती आठवण फार काळ जागी होती. पुढे रस्ते झाले, एसटी गावोगाव पोहोचली, १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली. किनाऱ्याची बोट त्याआधीच थांबली होती.

स्वतंत्र भारताला बंदराची उणीव पहिल्याच दिवशी जाणवली. फाळणीत कराची पाकिस्तानात गेले आणि उत्तर भारताच्या मालाचा समुद्राकडचा दरवाजा एकाएकी मिटला. तो सगळा भार मुंबईवर पडू लागला. म्हणून कच्छच्या आखातात कांडला हे बंदर नव्याने उभारण्यात आले आणि १९५५ साली त्याला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. आपल्या परदेशी व्यापाराचा वजनाने सुमारे ९५ टक्के भाग समुद्रावरूनच जातो. खनिज तेल, कोळसा, खते, यंत्रे, धान्य अशा जड मालाला दुसरी वाट परवडत नाही.

१९५६ साली अमेरिकेत एक साधीशी गोष्ट घडली आणि तिने जगातल्या सगळ्या बंदरांची घडी बदलली. माल्कम मॅक्लीन या मालमोटारींच्या व्यावसायिकाने ५८ लोखंडी पेट्या एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. पोते, गासडी, पिंप यांना एकेक करून हात लावण्याऐवजी सारा माल एका मापाच्या पेटीत भरावा, आणि ती पेटीच मालमोटारीवरून जहाजावर आणि जहाजावरून रेल्वेवर न उघडता जावी, इतकीच ती कल्पना. या पेटीलाच कंटेनर म्हणतात. जहाज रिकामे करण्यास जेथे आठवडा लागे तेथे एक दिवस पुरू लागला. धक्क्यावर हुकाने गोण्या ओढणारे हजारो हात मात्र रिकामे झाले. बंदराच्या प्रगतीचा हिशेब मांडताना हे हात सहसा कोणी मोजीत नाही. आज सर्वांत मोठी कंटेनर जहाजे सुमारे ४०० मीटर लांब आहेत, आणि पुरती भरली की ती पाण्यात १६ मीटरपर्यंत बुडतात. पाच मजली इमारत पाण्याखाली उभी करावी, तेवढे हे माप आहे.

इतके पाणी मुंबईच्या जुन्या गोद्यांत कोठून असणार? शिवाय शहर त्यांच्या भिंतीशी येऊन भिडले होते. मालमोटारींना उभे राहण्यास जागा उरली नव्हती. म्हणून मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे नवे बंदर बांधण्यात आले. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. हेच जवाहरलाल नेहरू बंदर. देशाच्या प्रमुख बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीपैकी सुमारे निम्मी वाहतूक येथून होते. वीस फुटी पेटी हे माप धरले तर २०२४-२५ या वर्षात येथे ७३ लाखांच्या आसपास पेट्या हाताळल्या गेल्या. येथेही समुद्राने खोली फुकट दिली नाही. तळाचा खडक फोडून आणि गाळ उपसून जहाजांची वाट टप्प्याटप्प्याने खोल करावी लागली. ती खोल ठेवण्यासाठी गाळ उपसणारी यंत्रनौका वारंवार बोलवावी लागते, कारण पावसाळा आपले काम विसरत नाही.

ज्या जमिनीवर हे सारे उभे राहिले ती ओसाड नव्हती. तेथे भातशेती होती, मिठागरे होती, खारफुटीत चिंबोऱ्या पकडणारी कोळ्या-आगऱ्यांची घरे होती. नव्या मुंबईसाठी आणि बंदरासाठी जमिनी घेण्यात आल्या तेव्हा मोबदल्याचा प्रश्न पेटला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले. जासई आणि नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांनी प्राण गमावले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याची योजना पुढे आली. शेव्याच्या कोळीवाड्यातील कुटुंबांचे पुनर्वसन हनुमान कोळीवाडा येथे झाले. त्या नव्या वस्तीला वाळवी लागली, घरे पोखरली गेली, आणि सुरक्षित घरांसाठी त्या लोकांना कित्येक वर्षे अर्जविनंत्या व आंदोलने करावी लागली. समुद्राचा तळ खोदण्यास देशाने जेवढी तत्परता दाखवली, तिच्या अर्ध्याने का होईना, पण या घरांचा पाया पाहिला असता तर बरे झाले असते.

समुद्राप्रमाणे नद्यांकडेही लक्ष वळले आहे. एक अश्वशक्ती रस्त्यावर १५० किलो, रेल्वेवर ५०० किलो आणि पाण्यावर ४,००० किलो भार हलवते, असा हिशेब या विषयात नेहमी मांडला जातो. २०१६ च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या ५ वरून १११ झाली. हल्दियापासून प्रयागराजपर्यंतचा १,६२० किलोमीटरांचा गंगेचा मार्ग हा त्यांतला पहिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोलकात्याहून १६ कंटेनर घेऊन एक जहाज वाराणसीस पोहोचले. परंतु कायद्याच्या कागदावर जलमार्ग लिहिला म्हणजे नदीत पाणी भरत नाही. गंगा आपली वाळू दरवर्षी नव्या ठिकाणी टाकते, आणि उन्हाळ्यात पात्र रोडावते. तेथेही शेवटी प्रश्न खोलीचाच. आपल्याकडे गोव्याच्या मांडवी-झुवारीतून लोहखनिजाच्या बार्जी मुरगावकडे जात आल्या आहेत, आणि रायगड जिल्ह्यात अंबा नदीच्या धरमतर खाडीतून कच्चा माल पोलादाच्या कारखान्यापर्यंत पोहोचतो. कोकणातल्या नद्या आखूड आहेत. जेथवर भरती पोहोचते तेथवरच त्यांचा जलमार्ग.

खोल पाण्याचा हा शोध आता पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवण येथे पोहोचला आहे. तेथे किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर सुमारे २० मीटर खोली निसर्गतःच मिळते. समुद्रात भराव घालून तेथे नऊ कंटेनर टर्मिनलांचे बंदर बांधावयाचे असून त्याचा खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. जगातली सर्वांत मोठी जहाजे थेट भारतात यावीत, आपला माल वाटेत परक्या बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवण्याचा खर्च वाचावा, हा त्यामागील हेतू आहे आणि तो रास्त आहे. परंतु डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे. १९९८ साली तेथील पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने या जागी बंदर उभारण्यास मनाई केली होती. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली अटी घालून संमती दिली.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा या बंदराला विरोध आहे. खडकाळ उथळ पाण्यात मासळी अंडी घालते, पिल्ले तेथेच वाढतात, आणि भराव पडला की ती जागा जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. मोठ्या जहाजांच्या वाटेत जाळी टाकता येणार नाहीत, हे तर उघडच आहे. त्यांच्या होड्यांना फार पाणी लागत नाही. दोन हात असले तरी पुरते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून त्या होड्या दरवर्षीप्रमाणे पाण्यात लोटल्या जातात. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालण्यासाठी बांबूच्या वलांडी उभ्या राहतात. जाळी कोठपर्यंत नेता येतील, होड्या कोठे नांगरता येतील आणि त्या जागेचे कागद कोणाच्या नावे होतील, हे त्यांना बंदर पुरे होण्याच्या आधी लेखी हवे आहे.